बॉनेटवरचे प्लॉट

जालिंदरतात्यांच्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट तुम्ही पाहिलं नसेल, तर गेलं वर्षभर तुम्ही बारामतीत फिरकलेला नाहीत. लोक बॉनेटवर फार तर दसऱ्याला झेंडूचा हार घालतात. तात्यांनी प्लॉट पाडलेत. निळी चिकटपट्टी लावून, दोरी धरून आखलेले चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाच्या कोपऱ्यात नंबराची चिठ्ठी. बियाण्याच्या कंपन्या रस्त्याकडेच्या शेतात वाणाची पाटी ठोकतात ना, अगदी तसं. मधोमध एक चौकोन वेगळा. त्याच्यावर फरसाणाच्या डब्याचं झाकण पालथं घालून चारी बाजूंनी पट्टी मारलेली. असलं बॉनेट घेऊन हा पासष्टीचा माणूस मंडईत, लग्नकार्यात, तहसील कचेरीत ताठ मानेनं हिंडतो. कुणी हसलं की काच खाली करून विचारतो, "काय झालं?" मग हसणारा आपली वाट धरतो.

माझं भिगवण रस्त्याला गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे. सीटकव्हर, हॉर्न, मॅट, आरशाला लटकवायच्या वासाच्या बाटल्या, असलं सगळं. मागच्या बाजूला पॉलिशचं मशीन आहे. त्यामुळे तात्या माझ्या वाट्याला आले. मी काही फार सोशिक माणूस नाही. गिऱ्हाइकानं दोनदा तेच विचारलं की माझं डोकं फिरतं. पण तात्यांनी मला वर्षभर नाचवलं आणि मी नाचलो.

पहिल्यांदा आले ते दिवाळी होऊन गेल्यावर. तात्या कोऱ्हाळ्याचे, उसाचे बागायतदार. पांढरा पायजमा, वर नेहरूशर्ट, डोक्याला टोपी. काउंटरवर कोपर टेकून म्हणाले, "गाडीच्या रंगावर मारायचा फवारा पायजे. रंगावर जे हाय ते ऱ्हायलं पायजे."

मला वाटलं, रंगाची चमक म्हणतायत. मी माझं नेहमीचं प्रवचन सुरू केलं. हा मेणाचा फवारा, लगेच तकाकी येते पण उन्हाळ्यात टिकत नाही. हा सिरॅमिकचा, पाणी ठरत नाही, राख-धूळ नुसत्या फडक्यानं निघते. हा ग्राफीनचा, नवीन आलाय, पण तापल्या पत्र्यावर मारला तर ओघळ दिसतात. तात्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "समद्यातली येक येक द्या."

"तात्या, एवढ्या कशाला? एक चांगली घेऊन जा ना."

"चांगली हाय ह्ये कोण म्हणतं?"

"मी म्हणतोय की."

"तुमी तोंडी म्हणताय, शेठ. प्लॉट पडला न्हाय तवर ते वारंच. प्लॉट बघून बोला."

हे त्यांचं पालुपद. ते फक्त फवाऱ्याला लागू आहे असं समजू नका. भाचीला स्थळ आलं, मुलाच्या वडिलांनी मुलगा पुण्यात मोठ्या हुद्द्यावर असल्याचं सांगितलं, तेव्हा तात्या म्हणाले, "प्लॉट बघून बोलू." आणि खरोखर पुण्याला जाऊन त्या पोराच्या ऑफिससमोरच्या चहाच्या टपरीवर दिवसभर बसून आले. पोरगा संध्याकाळी बाहेर पडताना वॉचमनशी कसा बोलतो ते पाहिलं, मग होकार दिला. निवडणुकीत एक उमेदवार हात जोडून दारात आला, त्याला म्हणाले, "मागल्या खेपेचा प्लॉट दाखवा की." उमेदवार चहा न घेता निघून गेला.

तर त्यांनी बॉनेटवर प्लॉट पाडले आणि उद्योग सुरू झाला. तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. सगळं जग आधी फवारा मारतं आणि मग त्याच्यावर घाण टाकून बघतं, निघते का ते. तात्यांचं उलटं. आधी प्लॉटवर ओलं कुंकू लावायचं. ते वाळू द्यायचं. मग त्याच्यावर फवारा मारायचा, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे मऊ फडक्यानं पुसायचा. त्यानंतर वर काय वाट्टेल ते टाकायचं. पेटवलेल्या पाचटाची काळी राख, कारखान्याच्या ट्रॉलीतून सांडलेली मळी, बोअरचं खारं पाणी. आणि शेवटी वाकून बघायचं, खाली कुंकू आहे का गेलं.

अर्थात ते पुसतानाच जायचं. सगळ्या बाटल्यांवर 'फवारा आणि पुसा' असंच लिहिलेलं असतं. पुसल्यावर खालचं कुंकू फडक्याला लागणार नाही तर काय होईल?

"तात्या," मी म्हणालो, "तुमचा क्रम चुकतोय. आधी फवारा, मग कुंकू."

"तुमच्या गाडीला तुमी तसं करा."

"अहो, पण फवाऱ्याचं कामच ते आहे. काही चिकटू द्यायचं नाही."

"जे यायचंय ते चिकटू नगं, बरूबर. पर जे आधीच हाय त्येनं का म्हून जायचं?"

मी दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला सीटकव्हर दाखवायला लागलो, कारण त्याच्यासमोर मला हरायचं नव्हतं.

एक मात्र मला राहवलं नाही. पहिल्या नंबरच्या प्लॉटवरचं ते कुंकू इतकं वेडंवाकडं फासलेलं होतं की मी सहज म्हणालो, "तात्या, हे कुंकू लावलंय का हात पुसलाय?" तात्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. गाडीत बसले, दार आपटलं आणि गेले. पुढे पंधरवडाभर दुकानाकडं फिरकले नाहीत. कुंकवावरून एवढं चिडायला काय झालं, मला समजेना. आल्यावर मी चहा सांगितला, त्यांनी घेतला, विषय मिटला.

मध्यंतरी पुण्याहून एका कंपनीचा माणूस आला. भर उन्हाळ्यात टाय लावून. त्याला तात्यांच्या गाडीवर प्रात्यक्षिक दाखवायची हौस आली. त्यानं तिसऱ्या प्लॉटवर फवारा मारला, पुसला, वरून पाण्याची बाटली ओतली. पाण्याचे मणी झाले आणि टपाटपा घरंगळून गेले. दुकानासमोर जमलेले लोक वा वा करायला लागले.

तात्या म्हणाले, "पाणी तर अळूच्या पानावर बी थांबत न्हाय. कुंकू कुठाय?"

"कुठलं कुंकू?"

"तुमी पुसलं त्ये. त्या प्लॉटवर कुंकू हुतं."

तो माणूस आनंदानं म्हणाला, "बघा, काका, डागसुद्धा राहिला नाही."

"नापास," तात्या म्हणाले आणि पेनानं तीन नंबरच्या चिठ्ठीवर फुली मारली.

त्या बिचाऱ्याला वाटलं आपलं ऐकण्यात काहीतरी चुकलं. त्यानं परत सगळं समजावून सांगितलं. तात्यांनी परत नापास केलं. जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "काकांना नेमकं काय हवंय?" मी म्हणालो, "ते तुम्हाला कळलं तर मलाही कळवा."

पण खरा गोंधळ चार नंबरच्या प्लॉटचा. शेतकरी पिकावर औषध मारताना त्यात स्टिकर घालतात, म्हणजे औषध पानाला धरून राहावं म्हणून मिसळायचा चिकट द्रव. तात्यांनी एके दिवशी मला विचारलं, "शेठ, ह्या फवाऱ्यात स्टिकर घातलंय का?" मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, 'तरीच' अशी. घरी जाऊन त्यांनी माझा उंची सिरॅमिकचा फवारा उसावर औषध मारायच्या पंपात ओतला, त्यात अंदाजानं स्टिकर टाकलं, आणि भर दुपारी, पाठीला पंप लावून, तोंडाला फडकं बांधून, बॉनेटच्या त्या एका चौकोनावर फवारणी केली. दुसऱ्या दिवशी गाडी दुकानात आली तेव्हा चार नंबरच्या प्लॉटवर धूळ, उसाचा तुरा, दोन मुंगळे आणि एक अख्खं फुलपाखरू चिकटलेलं होतं. मी आणि माझा कारागीर अर्धा दिवस रॉकेलनं ते काढत बसलो होतो. तात्या शेजारी खुर्ची टाकून बसलेले. मी पेटलेला होतो, काय काय बोललो असेन.

तात्या शांतपणे म्हणाले, "चिकटलं तर खरं."

आणखी एक सांगतो, म्हणजे तुम्हाला माणूस समजेल. पाखरांची विष्ठा गाडीच्या रंगाला फार वाईट, रंग खाऊन टाकते. हे मीच त्यांना सांगितलं आणि पस्तावलो. एका सकाळी मला गाडीत घातलं आणि भिगवणला नेलं. उजनीच्या पाण्याकडेला एक बाभळ आहे, तिच्यावर पाणकावळ्यांची वस्ती. तात्यांनी गाडी बरोबर त्या बाभळीखाली लावली, मधल्या झाकणावर आणखी एक पोतं अंथरलं आणि आम्ही समोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. आजूबाजूला लोक मासे खात होते. तात्या माळकरी, त्यांनी फक्त चहा मागवला आणि खिडकीतून बाभळीकडं लक्ष ठेवलं.

हॉटेलवाला भला माणूस. धावत आला. "काका, गाडी काढा तिथनं, पाखरं घाण करतील."

"करू द्या की."

"अहो, रंग जाईल."

"त्येच बघाया आलोय."

हॉटेलवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं. आसपासच्या टेबलांवर हसाहशी झाली. एक जण मोबाइलवर गाडीचा फोटो काढायला लागला. तात्या उठले, त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "नंबराच्या चिठ्ठ्या नीट येऊ द्या फोटूत." मला त्या वेळी लाज वाटली हे खरं, पण थोडा अभिमानही वाटला. आपल्याला चारचौघांत इस्त्रीशिवाय शर्ट घालवत नाही.

या सगळ्यात एक घोर होता आणि तो आख्ख्या कोऱ्हाळ्याला माहीत होता. तात्यांचा मुलगा प्रवीण, तो त्यांना अण्णा म्हणतो, पुण्यात नोकरीला, गेले कित्येक महिने मागं लागला होता की ही गाडी देऊन टाकू आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर नवी, उंच गाडी घेऊ. तात्या म्हणत, "प्लॉट पुरं झाल्याबिगर ही गाडी दारातनं हलायची न्हाय." बाप-लेकात यावरून बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. गावातले लोक प्रवीणच्या बाजूनं. मीसुद्धा, खरं सांगायचं तर, प्रवीणच्या बाजूनं. जुनी गाडी, त्यात बॉनेटची ही दशा. कोण घेणार आहे नंतर?

दसरा आठवड्यावर आला आणि एका सकाळी ती गाडी माझ्या दारात येऊन उभी राहिली. चालवत प्रवीण होता.

"आईला व्यायामाला सोडून आलोय," तो म्हणाला. "तासाभरात बॉनेट साफ करून द्या. पट्ट्या काढा, मशीन फिरवा, सगळं कोरं करा. दुपारी शोरूमचा माणूस गाडी बघायला येतोय."

"तात्या?"

"रानात आहेत. पाण्याची पाळी आहे. त्यांना सांगितलं तर होणारच नाही हे."

"आई कसल्या व्यायामाला?"

तेव्हा मला कळलं. वर्षभर माझ्या काउंटरवर कोपर टेकणाऱ्या माणसानं एका शब्दानं सांगितलं नव्हतं. प्रवीणच्या आईच्या, मालनकाकींच्या अंगावरून वारं गेलं होतं, म्हणजे झटका येऊन उजवी बाजू लुळी पडली होती. "या गाडीत तिला वाकून बसवावं लागतं," प्रवीण म्हणाला. "उंच गाडी असली तर तिला सोपं जाईल. एवढंच माझं म्हणणं आहे. पण अण्णा म्हणतात, मी बसवतो की तिला उचलून. किती दिवस उचलणार? त्यांचं वय काय?"

पोराचं काही चुकत नव्हतं. मी मशीनची पिन लावली आणि पट्ट्या काढायला आधी मधल्या झाकणाला हात घातला.

झाकणाखाली स्वस्तिक होतं.

कुंकवाचं, ओल्या बोटानं काढलेलं. पांढऱ्या रंगात मुरून फिकट तांबडं झालेलं. तीन बाजू नेटक्या, सरळ, रोज उंबऱ्यावर काढणाऱ्या बाईच्या हाताच्या. चौथी बाजू सुरू झालेली आणि तिथून बोट खाली घसरत गेलेलं, पार बॉनेटच्या कडेपर्यंत. तो ओघळ चिकटपट्टीखाली लपवून ठेवलेला होता.

प्रवीणनं बघितलं आणि तो गाडीला टेकून उभा राहिला.

"हे अजून आहे?" तो म्हणाला. "गेल्या दसऱ्याला ती गाडीची पूजा करत होती. हे काढता काढताच पडली. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा आत्या सांगत होती, अर्धं स्वस्तिक अशुभ असतं, आधी ते पुसून टाका. मला वाटलं, पुसलं."

तेवढ्यात कुणाच्या तरी मोटारसायकलवरून तात्या उतरले. पायजमा गुडघ्यापर्यंत वर, पायाला चिखल. कुणीतरी रानात जाऊन सांगितलं असणार की गाडी गेली. मला वाटलं, आता हा माणूस माझं दुकान डोक्यावर घेणार. मी हातातलं झाकण तसंच धरून उभा. तात्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, शर्टाच्या टोकानं आतून पुसलं आणि स्वस्तिकावर परत पालथं घातलं.

"पुसलं न्हाय ना?"

"नाही," मी म्हणालो.

"मंग बरं."

"अण्णा," प्रवीण म्हणाला, "सांगायचं तरी होतं."

"सांगून काय? समदी म्हणाली, अर्धवट हाय, अशुभ हाय, पुसा. अरं, अर्धवट ऱ्हायलंय म्हंजे काम बाकी हाय. बाकी काम कोण पुसतं का? जिनं धरलं तीच पुरं करंल. आन पुरं झालं की त्येच्यावर फवारा मारायचाय, म्हंजे परत जायला नगं. त्यो कंचा मारायचा त्येचा शोध चाललाय माजा."

"डॉक्टर म्हणालेत, अण्णा. उजवा हात आता..."

"डाक्टरनं प्लॉट बघितल्यात का?"

तात्यांनी प्रवीणचा दंड धरून त्याला बॉनेटसमोर आणलं.

"आता बघ. एक नंबर."

मी वर्षभर ते प्लॉट बघत होतो, फवारे बघत होतो, कुठला टिकला, कुठला ओघळला. कुंकवाकडं कधी नीट बघितलं नव्हतं. पुसून गेलं तरी पांढऱ्या पत्र्यावर त्याचा फिकट डाग उरत होता, अगदी तीन नंबरलासुद्धा, जिथं तो टायवाला डाग राहिला नाही म्हणाला होता. एक नंबरला नुसतं फासलेलं, मी हात पुसलाय म्हणालो होतो ते. दोन नंबरला एक मोठा गोळा. तीनला त्यातून निघालेलं एक शेपूट. चारला रॉकेलनं आम्ही सगळं काढलं होतं, तिथं काही नव्हतं, त्याबद्दल तात्यांनी माझ्याकडं एकदा रागानं पाहिलं. पाच नंबरला रेघ. वाकडी, थरथरती, पण रेघ.

"हात मी धरत न्हाय तिचा," तात्या म्हणाले. "खुर्ची हितं समोर लावतो. वाटी म्होरं करतो. कधी दीस दीस जातो, बोट वाटीतच ऱ्हातं. मंग मी आपला फवाऱ्याचं बोलत बसतो. ह्या बाटलीला केळ्याचा वास येतो, त्या बाटलीनं ओघळ पडत्यात. तिला ऐकायला आवडतं. हसती."

त्यांनी सहा नंबरवर बोट ठेवलं. बॉनेटवरचा सगळ्यात भिकार दिसणारा प्लॉट. स्वस्तातला फवारा लांबून धुक्यासारखा मारलेला आणि न पुसता तसाच सोडलेला, त्यामुळे सगळा धुरकट झालेला. बाटलीवर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, पुसा नाहीतर चमक जाईल. चमक गेली होती. त्या धुरकटाखाली कुंकवाच्या दोन रेघा होत्या, एकमेकींना छेदून गेलेल्या. पुसल्या न जाता, तांबड्याभडक. वरून भिगवणच्या पाखरांचा प्रसाद पडून गेलेला, तरी जागच्या हललेल्या नव्हत्या.

"ह्यो पास," तात्या म्हणाले.

प्रवीण वाकला. त्या दोन रेघांवरून त्यानं हात फिरवला नाही, हात वर नुसता धरला. मग त्यानं खिशातला फोन काढला आणि शोरूमच्या माणसाला सांगितलं की गाडी द्यायची नाही. तात्या त्याला मध्येच म्हणाले, "नवी घ्यायची तर घे की. उंच घे. मी कवा नगं म्हणलं? ही दारात ऱ्हाईल, एवढंच."

मला राग आला. कुणावर म्हणाल तर सांगता येणार नाही. त्या आत्यावर असेल, डॉक्टरवर असेल, भिगवणच्या हॉटेलात हसणाऱ्यांवर असेल. मी मशीनची पिन काढून टाकली. मधल्या झाकणाला नवी पट्टी लावली, चारी बाजूंनी, वारं शिरणार नाही अशी. सहा नंबरच्या पलीकडं थोडी जागा मोकळी होती. ती साबणानं धुतली, कोरडी केली, दोरी धरून चौकोन आखला आणि कोपऱ्यात सात नंबरची चिठ्ठी लावली. तात्या शेजारी उभे राहून दोरी सरळ आहे का ते बघत होते.

"दसऱ्याला हुईल म्हणता, तात्या?"

"ह्या दसऱ्याला न्हाय तर पुढच्या. मला कुठं घाई हाय."

व्यायामाची वेळ संपत आली होती. बाप-लेक काकींना आणायला निघाले. गाडी वळत असताना शेजारच्या टायरवाल्यानं बॉनेटकडं बघून दात काढले आणि मला विचारलं, "काय शेठ, ह्या म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

मी त्याला जवळ बोलावलं आणि म्हणालो, "प्लॉट बघून बोल."